संगणकाची किल्ली कोणाच्या हातीं?

ता. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं जगांतील असंख्य घरांत आणि कचेऱ्यांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. आदल्या दिवसापर्यंत जें यंत्र धडधाकट समजलें जात होतें तें एका रात्रींत म्हातारें ठरलें. त्याचा एक खिळाहि ढिला झाला नव्हता. त्यावर पत्रें लिहितां येत होतीं, हिशेब मांडतां येत होते, मुलांचा अभ्यास होत होता. झालें इतकेंच कीं, त्या यंत्रांत नांदणाऱ्या ‘विंडोज १०’ या प्रणालीची नित्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्या दिवशीं बंद केली. नवी प्रणाली घालावी, तर तिला लागणारा नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षिततेची ठराविक चिप पुष्कळशा जुन्या यंत्रांत नाहीं. कंपनीनें यांत कोणाची फसवणूक केली असें म्हणतां येणार नाहीं. मुदत तिनें पुष्कळ आधीं जाहीर केली होती, आणि घरगुती ग्राहकांना आणखी एका वर्षाची सवडहि देऊं केली. परंतु ज्याचें यंत्र होतें त्याच्या मनांत एक साधा प्रश्न उभा राहिल्यावांचून राहिला नसेल: यंत्र माझें, पैसे मीं मोजलेले, मग तें आणखी किती वर्षें चालावें हें ठरविणारा दुसराच कोण?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे. संगणकाची प्रणाली सर्वांना उघडी असावी कीं बनविणाऱ्याच्या कुलुपांत असावी, हा वाद सुमारें पन्नास वर्षें चालू आहे. त्यांत किंमत, सोय, गुणवत्ता अशा अनेक गोष्टींची सरमिसळ होते आणि मुद्दा हरवतो. पण या वादाचा इतिहास क्रमानें पाहिला म्हणजे त्याच्या मुळाशीं एकच प्रश्न दिसूं लागतो: बनविणारा ज्या दिवशीं पाठ फिरवितो, त्या दिवशीं वापरणाऱ्याच्या हातांत काय उरतें? हा एकच गज हातीं घेऊन या इतिहासाची मोजणी करावी असा माझा विचार आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करणें जरूर आहे. संगणकाचे अवयव, म्हणजे त्याची स्मृति, पडदा, कळफलक, साठवणीची तबकडी, हे सर्व स्वतः मुके व आंधळे असतात. त्यांच्याकडून काम करवून घेणारा, कोणत्या कामाला किती जागा व किती वेळ द्यावयाचा हें ठरविणारा जो कारभारी, तीच ऑपरेटिंग सिस्टिम. धनी झोपला तरी वाड्याचा व्यवहार दिवाणजी पाहतो, तशांतला हा प्रकार. हा कारभारी म्हणजे माणसांनींच लिहिलेला आज्ञांचा एक प्रचंड ग्रंथ असतो, आणि तो दोन रूपांत राहतो. ज्या रूपांत माणूस तो लिहितो व वाचतो त्याला मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. यंत्राला चालेल अशा केवळ अंकांत त्याचें रूपांतर केलें म्हणजे तो माणसाला जवळजवळ दुर्बोध होतो. वैद्यानें दिलेला काढा पिऊन गुण येईल. परंतु काढ्याच्या चवीवरून त्यांतील वनस्पति आणि त्यांचें प्रमाण कोणाला सांगतां येईल? मालकी हक्काची, म्हणजे प्रोप्रायटरी, प्रणाली विकणारा काढा देतो, कृति देत नाहीं. मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, प्रणाली देणारा काढ्याबरोबर कृतिहि देतो, आणि ती बदलण्याची व दुसऱ्यास देण्याची परवानगी देतो. त्याबद्दल पैसे घ्यावे कीं न घ्यावे हा वेगळा प्रश्न आहे. उघड्या प्रणालीवर उत्तम व्यापार करणाऱ्या कंपन्या कांहीं थोड्या नाहींत.

बंदिस्त प्रणाली हीच स्वाभाविक आणि उघडी प्रणाली हें कांहीं ध्येयवाद्यांचें मागाहून निघालेलें खूळ, असा पुष्कळांचा समज आहे. इतिहास याच्या नेमका उलट आहे. १९५० नंतरच्या दशकांत संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलें, अतिशय महागडें यंत्र असे. तें विकणाऱ्या वा भाड्यानें देणाऱ्या कंपनीच्या दृष्टीनें आज्ञावली ही यंत्राबरोबर जाणारी पुरवणी होती. १९५५ मध्यें आय.बी.एम. कंपनीचीं यंत्रें वापरणाऱ्या ग्राहकांनीं ‘शेअर’ नांवाचें मंडळ स्थापन केलें आणि एकमेकांनीं लिहिलेल्या आज्ञावल्या वांटून घेण्यास सुरुवात केली. जगांतील अगदीं आरंभीच्या ऑपरेटिंग सिस्टिमांपैकीं एक, १९५६ मधील, ही तर यंत्र बनविणाऱ्या कंपनीनें लिहिलेलीच नव्हती. जनरल मोटर्स ही मोटारींची कंपनी आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन ही विमानांची कंपनी, या दोन ग्राहकांनीं मिळून ती आय.बी.एम. ७०४ या यंत्रासाठीं तयार केली. आपल्याला लागणारा कारभारी आपणच घडवावा आणि शेजाऱ्यालाहि द्यावा, यांत त्या काळीं कोणाला कांहीं विशेष वाटत नसे.

या व्यवस्थेला पहिला तडा गेला तो १९६९ सालीं. त्या वर्षाच्या जानेवारींत अमेरिकन सरकारनें आय.बी.एम.वर मक्तेदारीचा खटला भरला, आणि २३ जून रोजीं कंपनीनें आज्ञावल्यांची व सेवांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचें जाहीर केलें. येथें कंपनीला खलनायक ठरविण्याची घाई करूं नये. मोठी कंपनी यंत्राबरोबर आज्ञावली फुकट देत होती तोंवर, केवळ आज्ञावली लिहून पोट भरूं पाहणाऱ्या लहान व्यावसायिकाला बाजारांत उभें राहणेंहि कठीण होतें. किंमत वेगळी झाली म्हणून एका स्वतंत्र धंद्याला वाव मिळाला. परंतु जी वस्तु विकावयाची तिला कुंपण हवें. आणि कुंपण आलें कीं कृति लपविण्याचा मोह आलाच.

योगायोग असा कीं, त्याच १९६९ सालीं बेल लॅबोरेटरीजमध्यें केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनीं, फारसें कोणी वापरीत नसलेल्या एका लहान यंत्रावर, युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. बेल लॅबोरेटरीज ही ए.टी. अँड टी. या अमेरिकेंतील अवाढव्य टेलिफोन कंपनीची संशोधनशाळा. १९५६ मध्यें सरकारशीं झालेल्या तडजोडीनें या कंपनीला टेलिफोनच्या क्षेत्राबाहेरील धंद्यांत शिरण्यास मज्जाव होता. युनिक्स हा बाजारांतला माल होऊं शकत नव्हता, म्हणून तें विद्यापीठांना अल्प शुल्क घेऊन मूळ संहितेसकट दिलें जाऊं लागलें. कायद्याच्या एका कलमानें एक विद्या मोकळी केली, असें म्हटलें तरी चालेल. कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील विद्यापीठांत त्यांत इतकी भर पडली कीं, युनिक्सची एक निराळी शाखाच निर्माण झाली. इकडे ऑस्ट्रेलियांत, न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनीं १९७७ मध्यें युनिक्सच्या गाभ्याची सुमारें नऊ हजार ओळींची संहिता आणि तिच्यावरील भाष्य असे दोन खंड आपल्या विद्यार्थ्यांसाठीं सिद्ध केले. आपल्याकडे सूत्रग्रंथावर भाष्यकार लिहीत, तशा परंपरेंतलें हें काम होतें. चालत्या, खऱ्याखुऱ्या प्रणालीचें अंतरंग विद्यार्थ्याला प्रथमच पानोपान उलगडून पाहावयास मिळालें.

हें भाग्य दोनच वर्षें टिकलें. १९७९ मध्यें युनिक्सची सातवी आवृत्ति निघाली, तेव्हां तिच्या परवान्यानें संहिता वर्गांत शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांचे खंड मग छायाप्रतींवरून छायाप्रती होत हातोहात फिरूं लागले; ते राजरोसपणें छापून निघण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. १९८४ मध्यें टेलिफोन कंपनीचे तुकडे झाले, जुना मज्जाव उठला, आणि युनिक्स उघडउघड व्यापाराच्या वस्तूंत जमा झालें. आपला गज येथें लावून पाहावा. बनविणाऱ्यानें पाठ फिरविली, आणि जे अध्यापक कालपर्यंत ती विद्या शिकवीत होते त्यांच्या हातांत कांहींच उरलें नाहीं. कारण त्यांना मिळाली होती ती कृपा होती, हक्क नव्हता. हा भेद पुढील सर्व इतिहासाचा कणा आहे.

परंतु दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि त्याच्याच शब्दांच्या वजनानें ऐकलें पाहिजे. ता. ३ फेब्रुवारी १९७६ रोजीं, अवघ्या वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनीं हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘अल्टेअर’ या लहान संगणकासाठीं बेसिक भाषेची आज्ञावली तयार केली होती. ती ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. पण मालकी हक्काची बाजू इतक्या स्पष्टपणें त्यापूर्वीं कोणी मांडली नव्हती. ती आज्ञावली हौशी मंडळी एकमेकांना सर्रास उतरवून देत होती. गेट्स यांचें म्हणणें असें कीं, यंत्र घेणाऱ्यांपैकीं दहांत एकानेंहि ती विकत घेतलेली नाहीं; तिच्यासाठीं खर्ची पडलेल्या संगणकाच्या वेळेचीच किंमत चाळीस हजार डॉलरांवर जाते, आणि हातीं आलेला मोबदला पाहिला तर केलेल्या श्रमाला तासाला दोन डॉलरहि पडत नाहींत. मोबदला मिळणार नसेल तर चांगलें काम करील कोण, आणि त्यांतील चुका दुरुस्त करीत बसेल कोण, हा त्यांचा सवाल होता. हा सवाल आजहि जुना झालेला नाहीं. उघड्या प्रणालीच्या भक्तांनीं तो हसण्यावारी नेऊं नये.

पुढील वीस वर्षांनीं गेट्स यांच्या मताला यशाची मोठी साक्ष दिली. १९८१ मध्यें आय.बी.एम.नें घरगुती संगणक काढला. त्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें सिएटल येथील एका लहान कंपनीची प्रणाली विकत घेऊन, ती सुधारून, आय.बी.एम.ला पुरविली, मात्र ती इतरांना विकण्याचा हक्क आपल्याकडे राखून ठेवला. त्यामुळें शेंकडों कारखानदार त्याच धर्तीचीं यंत्रें बनवूं लागले, स्पर्धेनें किंमती उतरल्या, आणि एकदां लिहिलेली आज्ञावली सगळ्या यंत्रांवर चालूं लागली. १९९५ च्या ऑगस्टमध्यें ‘विंडोज ९५’ निघालें, तेव्हां दुकानांबाहेर मध्यरात्रीं रांगा लागल्या. संगणक हा शास्त्रज्ञांच्या खोलींतून सामान्य कारकुनाच्या टेबलावर आणि आपल्या दिवाणखान्यांत आला, तो बहुतांशीं या बंदिस्त प्रणालीच्या पाठीवर बसून. हें श्रेय नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

याच काळांत कुलुपाविरुद्धचें बंड शिजत होतें, आणि त्याला निमित्त झालें तें एका छपाईयंत्राचें. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन नांवाचे एक आज्ञावलीकार काम करीत. तेथील जुन्या छपाईयंत्रांत कागद अडकला कीं संबंधितांना आपोआप निरोप जावा, अशी सुधारणा त्यांनीं त्याच्या संहितेंत केली होती. १९८० च्या सुमारास तेथें नवें यंत्र आलें, पण संहिता आली नाहीं. दुसऱ्या एका विद्यापीठांतील संशोधकाकडे ती आहे असें कळल्यावर स्टॉलमन मागावयास गेले, तर त्यानें ती देण्यास नकार दिला. कारण ती कोणास न दाखविण्याच्या करारावर त्यानें सही केली होती. गोष्ट क्षुल्लक, परंतु एका विद्वानानें दुसऱ्या विद्वानाला मदत करणें हाच गुन्हा ठरावा, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारीं लागली. ता. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यांनीं ‘ग्नू’ नांवाची संपूर्ण मुक्त प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला, पुढील जानेवारींत नोकरी सोडली, आणि १९८५ मध्यें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली.

स्टॉलमन यांची खरी प्रतिभा त्यांनीं रचलेल्या परवान्यांत दिसते. युनिक्सच्या अनुभवावरून हें स्पष्ट झालें होतें कीं, नुसत्या औदार्यानें दिलेली वस्तु उद्यां परत कुलुपांत जाऊं शकते. म्हणून त्यांनीं लेखकाच्या स्वामित्वाचा कायदा मोडला नाहीं. उलट त्याचाच आधार घेतला. १९८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जी.पी.एल. या परवान्याचा आशय असा: ही संहिता घ्या, वाचा, बदला, विका, मात्र बदललेली आज्ञावली दुसऱ्यास द्याल तेव्हां तिची संहिताहि याच अटींवर द्या. जो कायदा कुंपण घालण्यासाठीं होता, त्यानेंच कुंपण न घालण्याची हमी घेतली. कृपेचा हक्क झाला तो येथें.

आतां मघाच्या १९७९ च्या मनाईकडे पुन्हां वळूं. कारण तिचें फळ अगदीं अनपेक्षित ठिकाणीं उगवलें. युनिक्स वर्गांत शिकवितां येईना, म्हणून ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनीं १९८७ मध्यें विद्यार्थ्यांसाठीं ‘मिनिक्स’ नांवाची छोटी प्रणाली स्वतः लिहिली आणि तिची संहिता आपल्या पाठ्यपुस्तकांत छापली. ती वाचतां येत होती, पण बदलून मोकळेपणानें वांटण्याची मुभा नव्हती. शिवाय ती शिकविण्याजोगी लहान राहावी म्हणून प्राध्यापकमहाशय तींत फारशी भर घालूं देत नसत. तें पुस्तक फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातीं पडलें. ता. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यानें मिनिक्स वापरणाऱ्या मंडळींना कळविलें कीं, आपण केवळ हौस म्हणून एक प्रणाली लिहीत आहों, ती कांहीं फार मोठी व्हावयाची नाहीं. सप्टेंबरांत निघालेल्या पहिल्या आवृत्तींत सुमारें दहा हजार ओळी होत्या. आज त्या लिनक्सच्या गाभ्यांत तीन कोटींहून अधिक ओळी आहेत.

१९९२ च्या जानेवारींत टॅननबॉम यांनीं लिनक्सची रचना कालबाह्य असल्याचें जाहीरपणें सांगितलें, आणि गुरुशिष्यांच्या नात्याचा मुलाहिजा न ठेवतां टोरव्हाल्ड्स यांनीं त्यांना उत्तर दिलें. रचनेच्या शास्त्रांत प्राध्यापकांच्या मतालाहि पुष्कळ आधार होता. परंतु निकाल रचनेवर लागला नाहीं. त्याच वर्षीं टोरव्हाल्ड्स यांनीं लिनक्स जी.पी.एल. परवान्याखालीं आणलें. स्टॉलमन यांच्या मंडळीनें प्रणालीचीं बहुतेक सारीं अंगें तयार केलीं होतीं, पण त्यांचा गाभा पुरा झालेला नव्हता. टोरव्हाल्ड्स यांच्याजवळ गाभा होता. दोहोंचा सांधा जुळला. बर्कलेची शाखा या वेळीं पुढें जाऊं शकली असती. पण युनिक्सच्या मालकांनीं १९९२ मध्यें तिच्यावर खटला भरला. १९९४ मध्यें तडजोड झाली तेव्हां सुमारें अठरा हजार फायलींपैकीं अवघ्या तीन काढून टाकाव्या लागल्या! परंतु ज्या दोन वर्षांत वापरणाऱ्यांच्या मनांत भय होतें, त्याच दोन वर्षांत लिनक्सनें पाय रोवले.

यानंतरचा काळ उघड संग्रामाचा आहे. १९९८ च्या फेब्रुवारींत कांहीं व्यवहारी मंडळींनीं ‘ओपन सोर्स’ हें नवें नांव प्रचारांत आणलें. ‘फ्री’ या इंग्रजी शब्दाचा फुकट असा अर्थ होऊन व्यापारी बिचकतात, हें त्याचें कारण. स्टॉलमन यांना तें रुचलें नाहीं. नांवाबरोबर स्वातंत्र्याची भाषा जाऊन केवळ उपयुक्ततेची उरेल, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती अगदींच निराधार ठरली असें म्हणवत नाहीं. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत अमेरिकन सरकारनें मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. २००० मध्यें न्यायाधीशांनीं कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. पुढील वर्षीं वरिष्ठ न्यायालयानें तो हुकूम फिरविला, मात्र मक्तेदारी बेकायदेशीरपणें राखल्याचा ठपका बव्हंशीं कायम ठेवला. त्याच २००१ सालीं मायक्रोसॉफ्टचे तेव्हांचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनीं लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली.

आणि मग काळानें एक मोठी गंमत केली. २०१६ मध्यें हीच मायक्रोसॉफ्ट कंपनी लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली, आणि २०१९ मध्यें तिनें लिनक्सचा गाभा खुद्द विंडोजमध्यें बसविण्याचें जाहीर केलें. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पहिल्या पांचशें महासंगणकांच्या यादींतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतें. आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनचा गाभाहि लिनक्सचाच. लिनक्सवर आज जे राबतात त्यांतील बहुसंख्य लोक मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. म्हणजे गेट्स यांच्या १९७६ मधील सवालाला काळानें उत्तर दिलें तें असें कीं, कृति न लपवितांहि मोबदला मिळूं शकतो.

तर मग उघड्या पक्षाचा विजय झाला असें म्हणावयाचें काय? आपला गज पुन्हां काढूं. फोनचा गाभा उघडा आहे खरा, परंतु त्याच्या भोंवतीं बंद आज्ञावल्यांचें वेष्टन असतें, आणि कित्येक फोनांत धन्याला स्वतः नवी प्रणाली घालतां येऊं नये अशी तजवीज असते. कांहीं वर्षांनीं कारखानदार दुरुस्ती थांबवितो, आणि संहिता जगाला उघडी असूनहि फोन जवळ बाळगणारा मनुष्य विंडोज १० च्या धन्याइतकाच असहाय होतो. उलट, त्या जुन्या विंडोजच्या यंत्रावर आज लिनक्स घातलें तर तें पुष्कळदां आणखी कांहीं वर्षें सुरक्षितपणें चालूं शकतें. यावरून दिसतें तें हेंच कीं, संहिता कोठें तरी उघडी असून भागत नाहीं. ती वापरणाऱ्याच्या यंत्रापर्यंत पोंचली पाहिजे.

उघड्या पक्षाचेहि दोष सांगितले पाहिजेत. जर्मनींतील म्युनिच शहराच्या नगरपालिकेनें २००३ मध्यें आपल्या कचेऱ्या लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला, आणि दहा वर्षांत सुमारें पंधरा हजार यंत्रें बदललीं. तरीहि २०१७ मध्यें नगरसभेनें पुन्हां विंडोजकडे वळण्याचें ठरविलें. बाहेरून येणारे दस्तऐवज नीट न उघडणें, नोकरवर्गाच्या तक्रारी, कारभाराची विस्कळित रचना, राजकारण. यांतील खरें कारण कोणतें याविषयीं अजून वाद आहे. पण किल्ली हातीं आली तरी कुलूप दुरुस्त करणारा मनुष्य पदरीं ठेवावा लागतो, हा धडा त्यांतून मिळतोच. दुसरें उदाहरण २०२४ च्या मार्चमधील. लिनक्सच्या अनेक प्रकारांत वापरली जाणारी ‘एक्सझेड’ ही एक लहानशी आज्ञावली मुख्यतः एक मनुष्य विनावेतन सांभाळीत होता. टोपण नांवानें आलेल्या कोणी एकानें दोन वर्षांहून अधिक काळ मदतीचा बहाणा करून त्याचा विश्वास संपादन केला आणि आज्ञावलींत एक चोरवाट बसविली. ती वाट सांपडली, ती एका अभियंत्याला आपल्या यंत्रांत प्रवेश होण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें वाटल्यामुळें. संहिता उघडी होती म्हणून तो मुळापर्यंत जाऊं शकला. परंतु उघडी होती म्हणून ती आधीं कोणी काळजीपूर्वक पाहिलीच होती, असें मात्र नाहीं. दार उघडें असणें आणि दारावर पहारा असणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंमत अशी कीं, तो जागरूक अभियंता मायक्रोसॉफ्टचाच नोकर होता!

तसेंच बंदिस्त पक्षाच्या जबाबदारीचेंहि एक उदाहरण द्यावयास हवें. २०१७ च्या मेमध्यें ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीनें विंडोजवर चालणाऱ्या यंत्रांना घेरलें आणि इंग्लंडांतील इस्पितळांचे व्यवहार ठप्प केले, तेव्हां मायक्रोसॉफ्टनें २०१४ मध्येंच सोडून दिलेल्या ‘विंडोज एक्सपी’साठींहि खास दुरुस्ती काढली. धनी असला म्हणजे संकटांत हांक मारण्यास एक दार असतें. पण दार उघडावें कीं नाहीं हें त्या धन्याच्या इच्छेवर अवलंबून, हेंहि तितकेंच खरें.

आपल्या मराठीचा या वादाशीं कांहीं संबंध पोंचतो काय? पोंचतो, आणि तो जिव्हाळ्याचा आहे. संगणकावर मराठी लिहिण्याच्या आरंभीच्या काळांत निरनिराळ्या फाँटांची अक्षरांना अंक देण्याची रीत निराळी असे. एकीकडे लिहिलेला लेख दुसरीकडे उघडला कीं अक्षरांच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. युनिकोड या सर्वमान्य अंकनानें तो घोळ मिटविला, आणि ‘विंडोज २०००’ मध्यें मराठीला मुळापासून आधार मिळाला. त्याबद्दल बंदिस्त पक्षाचे आभार मानले पाहिजेत. परंतु ज्या भाषेच्या बाजारांत फायदा थोडा, तिला कंपनीच्या दारांत आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. उघड्या प्रणालींत तशी वाट पाहावी लागत नाहीं. ग्नोम आणि केडीई या लिनक्सवरील दर्शनी व्यवस्थांचीं मराठी भाषांतरें मराठी जाणणाऱ्या लोकांनींच केलीं. आणि ज्या रेड हॅट कंपनीची एक कचेरी पुण्यांत आहे, तिनें ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्यानें दिले. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचें वळण हिंदीहून निराळें आहे. तें चुकलें तर कोणाला अर्ज न करतां आपणच सुधारूं शकतों. सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ मध्यें ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली काढली, केरळ राज्यानें आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेलें, आणि २०१५ मध्यें केंद्र सरकारनें सरकारी कामांत मुक्तस्रोत आज्ञावल्यांना अग्रक्रम देण्याचें धोरण जाहीर केलें. वाट खुली आहे. तिच्यावरून चालणारे किती, एवढाच प्रश्न आहे.

सारांश काय निघाला? बंदिस्त प्रणालीनें संगणक घरोघर नेला आणि कारागिराला मजुरी मिळवून दिली, हें तिचें ऋण आहे. परंतु घरांतील तिजोरीची एकच किल्ली असावी आणि ती कारखानदाराच्या खिशांत असावी, ही व्यवस्था कारखानदार कितीहि सज्जन असला तरी शहाणपणाची नव्हे. उघडी प्रणाली आपल्याला किल्ली देते; आणि तिच्याबरोबर पहारा, डागडुजी व त्यांचा खर्च हींहि आपल्याच पदरीं टाकते. १९७९ मध्यें अध्यापकांच्या हातून संहिता गेली, ती त्यांनीं पहारा केला नाहीं म्हणून नव्हे. तिच्यावर त्यांचा हक्कच नव्हता म्हणून. आज तो हक्क स्टॉलमन यांच्या परवान्यानें आणि हजारोंच्या श्रमानें लिहून ठेवलेला आहे.

तेव्हां यापुढें घरासाठीं, शाळेसाठीं वा कचेरीसाठीं संगणक घेतांना दुकानदाराला किंमत विचाराल आणि वेगहि विचाराल. त्याबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. बनविणाऱ्यानें उद्यां पाठ फिरविली तर याची दुरुस्ती कोणाला करतां येईल? दुकानदाराला याचें उत्तर बहुधा देतां येणार नाहीं. पण असे प्रश्न विचारणारे ग्राहक पुष्कळ झाले म्हणजे बनविणाऱ्यांना उत्तरें तयार ठेवावीं लागतात. १९५५ मध्यें ‘शेअर’ मंडळाच्या पहिल्या बैठकीस जे जमले होते तेहि कोणी क्रांतिकारक नव्हते. ते आपलें यंत्र आपल्याला नीट चालवितां यावें एवढीच इच्छा धरणारे साधे ग्राहक होते.